नोकरीचा बायोडाटा गटाच्या वहीतून

दुपारची भांडी आवरली असतील, कोणी शेळ्यांमागे असेल, कोणी मशीनवर ब्लाउज शिवत ऐकत असेल. आज जमलं तर एक वही आणि पेन जवळ घ्या. नसेल तर नुसतं ऐका, पण गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा.

गेल्या महिन्यात मला तीन फोन आले, तिन्ही एकाच कारणासाठी. "ताई, तिथं बायोडाटा मागितलाय. तो कसा असतो?" त्यातल्या एकीनं घरात होता त्याचीच झेरॉक्स काढून आणली होती. तो तिच्या लग्नाच्या वेळचा निघाला! वर गणपती, खाली रास, नाडी, गण, उंची पाच फूट दोन इंच, वर्ण गहू, मामाचं गाव, काकांची बागायत. हसू नका. आपल्याला बायोडाटा म्हणून तेवढाच माहीत, कारण आपल्यासाठी आजवर तेवढाच एक लिहिला गेला. तोही आपण लिहिला नव्हता, घरच्यांनी लिहिला होता.

नोकरीच्या बायोडाट्याला कोणी सीव्ही म्हणतं, कोणी रिझ्युमे. आपण बायोडाटाच म्हणू. तुम्हाला काय करता येतं, ते तुम्ही कुठं आणि किती दिवस केलंय, आणि तुमच्याशी संपर्क कसा करायचा, एवढं त्या कागदानं वाचणाऱ्याला सांगायचं असतं. ज्याच्या हातात तो जातो त्याच्यासमोर तसे चाळीस-पन्नास कागद पडलेले असतात. तो प्रत्येकावर फार वेळ थांबत नाही.

आणि हो, सगळीकडे बायोडाटा चालतो असं नाही. अंगणवाडीची भरती असो की दुसरी सरकारी भरती, तिथं ठरलेला अर्ज असतो, तो जसाच्या तसा भरायचा. तिथं तुम्ही कितीही सुंदर बायोडाटा जोडलात तरी तो कोणी बघत नाही. बायोडाटा लागतो तो कंपनीत, पॅकहाउसमध्ये, खासगी शाळेत, दवाखान्यात, पतसंस्थेत, एखाद्या संस्थेच्या प्रकल्पात. आपल्या गावांतल्या बायकांना हल्ली ज्या जागा निघतात त्यातल्या पुष्कळ अशाच असतात.

आता माझी स्वतःची चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगायचा मला हक्क नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी एका निवासी प्रशिक्षण केंद्रात दोन जागा निघाल्या. एक स्वयंपाकघराची देखरेख करणारी, एक नोंदी ठेवणारी. आमच्या दोन गटांतल्या चौघी तयार झाल्या. अर्जाला दोनच दिवस राहिले होते. मी चौघींना घेऊन कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. त्याच्याकडे एक तयार साचा होता. त्यात त्यानं नाव, पत्ता, शिक्षण तेवढं बदललं आणि अर्ध्या तासात चौघींचे कागद हातात दिले. तीस रुपये एकीचे. इंग्रजीत, छान चौकटीत. मलाही वाटलं, झालं काम.

मुलाखतीला आमच्या गटाच्या सचिव वहिनी गेल्या. समोरच्या मॅडमनी कागद बघून विचारलं, "छंद, वाचन लिहिलंय. अलीकडे कोणतं पुस्तक वाचलंत?" वहिनी गप्प. त्यांच्या कागदावर छंद काय लिहिलाय हेच त्यांना माहीत नव्हतं. मग मॅडमनी बाकीचे तीन कागद शेजारी ठेवले. चौघींचा छंद वाचन आणि संगीत ऐकणे. चौघींचं उद्दिष्ट शब्द न शब्द एक. आणि एकीच्या कागदावर लिंग या रकान्यात पुरुष राहून गेलं होतं, आधीच्या गिऱ्हाइकाचं!

मॅडम चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बरं, ते राहू द्या. तुम्ही काय करता?" वहिनी म्हणाल्या, "काही नाही, घरीच असते." मग दारापर्यंत जाऊन वळून म्हणाल्या, "सहा वर्षं गटाची सचिव आहे." मॅडम म्हणाल्या, "मग ते इथं कुठं लिहिलंय? आम्हाला नोंदी ठेवणारीच बाई हवी होती."

जागा दुसऱ्या कुणाला गेली. वहिनी मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. मला ते सगळं त्यांच्या जावेकडून कळलं, आठ दिवसांनी.

त्या रात्री मी गटाचं दप्तर उघडून बसले. इतिवृत्त, रोखकीर्द, बचत-कर्जाची नोंदवही, पावत्या, बँकेचं पासबुक. सगळ्यावर वहिनींचं अक्षर. सहा वर्षांचा अनुभव त्या पेटीत पडलेला होता, आणि मी त्यांना संगीताचा छंद देऊन पाठवलं होतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की बायोडाटा करायला कॉम्प्युटरवाल्याकडे आधी जाऊ नका. आधी गटाच्या दप्तराजवळ बसा. माविम १९७५ पासून आहे, उमेद २०११ पासून आहे, बचत गट म्हणजे काय हे आता साहेबलोकांना समजावून सांगावं लागत नाही. पण त्या गटात तुम्ही नेमकं काय केलंत हे त्यांना माहीत नसतं. नुसतं "बचत गटाची सदस्य" असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं, महिन्याला शंभर रुपये देऊन सही करत असतील.

आपली पंचसूत्री आठवा. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. बैठकीत आपण ही तोंडपाठ म्हणतो. आता ती नोकरी देणाऱ्याच्या कानानं ऐका. बैठक म्हणजे दहा-बारा जणींना वेळेवर जमवणं, विषय मांडणं, ठराव लिहिणं. बचत आणि परतफेड म्हणजे पैसे मोजून घेणं, पावती देणं, बँकेत भरणं, थकलेल्या बाईकडे जाऊन भांडण न करता हप्ता आणणं. लेखे म्हणजे लेखे. यातलं एकेक काम करायला कंपनी पगार देऊन माणूस ठेवते.

त्यात आकडा घाला. आकड्यासाठी वही उघडा, अंदाजे सांगू नका. समजा गटात ११ जणी, प्रत्येकीची महिन्याला १०० रुपये बचत. महिन्याला ११०० झाले. सहा वर्षांचे ७२ महिने, म्हणजे नुसती बचत ७९,२०० रुपये, आणि तुम्ही सचिव असाल तर त्यातल्या रुपया-रुपयाची नोंद तुमच्या हातची. त्यावर अंतर्गत कर्ज फिरलं ते वेगळं, बँकेचं कर्ज आलं ते वेगळं. हे आकडे पाहिले की स्वतः वहिनींनाच धक्का बसला. "एवढे पैसे माझ्या हातून गेले?" म्हणाल्या.

मग आम्ही जे लिहिलं ते वाचून दाखवते. पेन घेतलं असेल तर लिहून घ्या, पण आकडे आपापले घाला.

"अनुभव. २०१८ पासून आजपर्यंत महिला स्वयंसहाय्यता गटाची सचिव. ११ सभासदांची बचत, कर्ज आणि परतफेड यांच्या नोंदी ठेवते. दर महिन्याच्या बैठकीचे इतिवृत्त लिहिते. बँकेत भरणा करते, पासबुक आणि रोखकीर्द यांचा मेळ घालते. गटाच्या लेखापरीक्षणासाठी कागदपत्रे तयार केली आहेत."

बस, पाच ओळी. यात एकही मोठा शब्द नाही. "मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर" हे आम्ही काढून टाकलं. प्रामाणिक नाही असं कोण लिहितं? सहा वर्षं पैशाचा मेळ घातला हे वाचून समोरचा काय ते ओळखतो.

गटात पद नसलेल्या बाईनं काय लिहायचं? एक काकू म्हणाल्या, "मी तर नुसती शाळेत खिचडी शिजवते." किती मुलांची? "पहिली ते पाचवी, साठेक." पोषण आहारात या वर्गांना मुलामागे १०० ग्रॅम धान्य धरतात. म्हणजे रोज सहा किलो तांदूळ, शिवाय डाळ, भाजी, आणि मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आत सगळं तयार. काकूंनी सात वर्षांत एकदाही मुलांना ताटकळत ठेवलं नव्हतं. "शालेय पोषण आहार, रोज ६० विद्यार्थ्यांचा स्वयंपाक, धान्याचे वजन आणि साठ्याची नोंद, भांडी व स्वयंपाकघराची स्वच्छता." प्रशिक्षण केंद्रातल्या त्या दुसऱ्या जागेसाठी यापेक्षा वेगळं काय हवं होतं? आणि मी काकूंच्या कागदावर काय छापून घेतलं होतं, तर गृहिणी.

डाळिंबाच्या मळ्यात जाणाऱ्या बायका म्हणतात, रोजंदारीच करते. अहो, प्रतवारी करता, डागी फळ बाजूला काढता, वजन करून क्रेट भरता. पॅकहाउसला तेच काम करणारी बाई लागते. किती हंगाम केलं, दिवसाला किती क्रेट भरत होता, तेवढं लिहा. शिवणकाम असेल तर "शिवणकाम येते" असं न लिहिता काय शिवता ते लिहा. पंजाबी ड्रेस, ब्लाउज, शाळेचे गणवेश. पायाची मशीन की मोटारची, तेही. घरच्या म्हातारीचं दुखणं वर्षभर काढलं असेल आणि दवाखान्यात मदतनीस व्हायचं असेल, तर तेही एका ओळीत येऊ शकतं. मात्र परिचारिका असं लिहायचं नाही. ते शिक्षण वेगळं, परवाना वेगळा.

इथं एक गोष्ट कडक सांगते. जे केलं नाही ते लिहायचं नाही. कॉम्प्युटरवाला म्हणेल, टॅली टाकू का, इंग्रजी टाकू का, सगळेच टाकतात. टाकू देऊ नका. माझी कसोटी सोपी आहे. कागदावरच्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवून कोणी विचारलं तर त्यावर दोन मिनिटं बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर ती ओळ खोडा. एमएस-सीआयटी झालं असेल तर वर्ष लिहा. झालं नसेल आणि मोबाइलवर फॉर्म भरता येत असेल, फोन-पेवर हिशेब ठेवता येत असेल, तर तेवढंच लिहा. हिंदी समजते पण बोलता येत नाही, तर "समजते" लिहा. आणि कागद मराठीत चालणार असेल तर मराठीत करा. इंग्रजीत मागितला तर इंग्रजीत करून घ्या, पण प्रत्येक ओळीचा अर्थ समजून घेतल्याशिवाय दुकानातून उठू नका.

आता मधल्या वर्षांचं. हा प्रश्न बायकांना फार छळतो. बारावी २००९, लग्न २०१०, पहिलं मूल, दुसरं मूल, सासूबाईंचं आजारपण, आणि गट २०१८. मधली आठ वर्षं कागदावर मोकळी दिसतात. काही जणी घाबरून तिथं खोटी नोकरी लिहितात. गरज नाही. "२०१० ते २०१८, घर, मुले आणि शेतीची जबाबदारी" अशी एक ओळ पुरते. लाजायचं काही नाही आणि रडगाणंही नको. मी स्वतः लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून बीए केलं, धाकटा पाळण्यात असताना. माझ्याही कागदावर मोकळी वर्षं आहेत. मुलाखतीत एकदा विचारलं गेलं, मी सांगितलं, पुढचा प्रश्न आला.

शिक्षण कमी असेल तर जेवढं आहे तेवढं सरळ लिहा. दहावी नापास असाल तर नववी उत्तीर्ण. दहावी-बारावीची परीक्षा दिलीच नसेल आणि आता द्यायची असेल तर बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, आमच्या गटातल्या दोघी तशा बसल्या. फॉर्म भरलाय हेही बायोडाट्यात लिहिता येतं.

नावाचा घोळ मात्र नीट समजून घ्या, यात अर्ज अडकतात. दहावीच्या गुणपत्रकावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. त्यात इंग्रजी स्पेलिंग एकीकडे डबल ई, दुसरीकडे आय. लग्न झालं की नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, पण आपल्यातल्या बहुतेकींचं बदललंय. तर वर आजचं नाव लिहा, आधारवर आहे तसंच्या तसं. त्याखाली "लग्नापूर्वीचे नाव" म्हणून गुणपत्रकावरचं नाव लिहा. सोबत विवाह नोंदणीचा दाखला हवा. नोंदणी झाली नसेल तर ग्रामपंचायतीत ती होते. लग्नाला पंधरा वर्षं झाली म्हणून लाजू नका, विचारा. काही ठिकाणी, विशेषतः सरकारी कामात, राजपत्रात छापलेली नावबदलाची नोंद मागतात. तसं असेल तर जाहिरातीतच लिहिलेलं असतं.

जन्मतारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची. आपल्यातल्या कितीतरी जणींचा वाढदिवस १ जूनला असतो, मास्तरांनी शाळेत घालताना दिलेला! खरी तारीख आईला पोळ्याच्या आसपास म्हणून आठवत असली तरी बायोडाट्यात १ जूनच येणार.

वजन, रंग, रास, पतीचा व्यवसाय, किती एकर जमीन, यातलं काही लागत नाही. जात लिहायची ती राखीव जागा असेल आणि विचारली असेल तेव्हा, दाखल्यासह. विधवा किंवा परित्यक्ता असाल आणि त्या भरतीत तुम्हाला सवलत असेल तर जरूर लिहा, तो तुमचा हक्क आहे. सवलत नसेल तर तो तुमचा खासगी मामला आहे. कंपनीला तो सांगायला बांधील नाही आहोत.

फोन नंबर स्वतःचा द्या. हे मी दोनदा सांगते, फोन नंबर स्वतःचा द्या. आमच्या एका ताईंनी मालकांचा नंबर दिला होता. कंपनीतून फोन आला तेव्हा ते पाण्याची पाळी देत होते. "बरं बरं" म्हणाले आणि विसरले. विसरले की विसरल्यासारखं केलं, हे त्या ताईंना आजही ठरवता आलेलं नाही. दोन फोन उचलले गेले नाहीत की तिसरा येत नाही. अनोळखी नंबर म्हणून कापून टाकू नका, अर्ज केल्यावर महिनाभर तरी प्रत्येक फोन घ्या. ई-मेल काढला तर त्याचा पासवर्ड तुमच्या वहीत लिहिलेला हवा, भाच्याच्या डोक्यात नको.

पण आधार नंबर, पॅन, बँक खातं हे बायोडाट्यात लिहायचं नाही. तो कागद कुठं कुठं फिरेल सांगता येत नाही. आधारची झेरॉक्स मागितली तर तिच्यावर आडवं लिहा, "फक्त अमुक नोकरीच्या अर्जासाठी", तारीख घाला, सही करा. आणि सरकारी परीक्षेची रीतसर फी सोडली तर, नोकरी देतो म्हणून कोणी नोंदणीचे, गणवेशाचे, ट्रेनिंगचे पैसे आधी मागितले तर तिथून उठा. गटातलं कर्ज काढून असे पैसे भरलेली बाई मी पाहिली आहे. नोकरी मिळाली नाही, हप्ते मात्र फेडले.

कागद एकच पान. अनुभव फारच असेल तर दोन. अक्षर मोठं, ओळीत अंतर. सर्वांत अलीकडचं काम वर, जुनं खाली. नोकरी बदलली की तोच कागद तसाच देऊ नका. नोंदीची जागा असेल तर गटाचं लेखन वर घ्या, स्वयंपाकाची असेल तर पोषण आहार वर. फोटो मागितला तरच लावा. शेवटी तुम्हाला ओळखणाऱ्या दोघांची नावं द्यायची पद्धत असते. ग्रामसंघाच्या अध्यक्षा, शाळेचे मुख्याध्यापक अशी द्या, पण आधी त्यांना विचारून. नाहीतर फोन आला की तेच विचारतात, कोण ही बाई? ग्रामसंघाकडून किंवा शाळेकडून अनुभवाचं पत्रही मागून घ्या. शिक्का, तारीख, जावक क्रमांक बघून घ्या. बायका हे पत्र मागायला संकोच करतात. सात वर्षं काम केलंय, पत्र मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे.

त्या चौघींचं पुढं काय झालं, ते विचारणारे फोन येतीलच, म्हणून आत्ताच सांगते. चौघींचे कागद आम्ही नव्यानं केले, दोन दुपारी लागल्या. सचिव वहिनी दिवाळीनंतर एका पॅकहाउसमध्ये आवक-जावकची नोंद ठेवायला लागल्या. मुलाखतीला जाताना त्यांनी पिशवीत गटाची रोखकीर्द नेली होती, आणि खरंच, साहेबांनी ती चाळली. खिचडीवाल्या काकूंना आश्रमशाळेतून बोलावणं आलं, पण परतीची शेवटची एसटी साडेपाचला असल्यानं त्यांनी नाही म्हटलं. त्या दुसऱ्या जागेच्या शोधात आहेत. तिसरीला दोनदा नकार आला, ती तिसऱ्यांदा अर्ज करणार आहे. चौथीनं नोकरीचा विचार सोडून पिठाची गिरणी घातली. तिला कर्जासाठी बँकेनं माहिती मागितली तेव्हा तिनं हाच कागद पुढं केला, फक्त वरचं "अर्जित पद" खोडून.

पुढच्या बुधवारी याच वेळेला मुलाखतीला काय घालून जायचं, काय बोलायचं यावर बोलू. ज्यांना बायोडाटा करायचाय त्यांनी शुक्रवारी दुपारी ग्रामसंघाच्या खोलीवर या. येताना दहावीचं गुणपत्रक, आधार आणि गटाचं दप्तर आणा. दप्तर एकाच पेटीत असतं, तेव्हा किल्ली ज्या तिघींकडे आहे त्यांना आजच सांगून ठेवा. झेरॉक्सवाला एक ते तीन जेवायला जातो, त्यामुळे साडेतीनला जमू.